पाकिटावरील आकडा

सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा नगराच्या आखणीत त्याने राजवाड्याइतकाच बाजाराचाही विचार केला होता. सरळ रेषेत काढलेले हमरस्ते, त्यांच्या दुतर्फा एकसारखी दुकाने, आणि आतल्या बाजूस एकेका धंद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. मणिहारांचा रस्ता लाखेच्या बांगड्यांचा, ठठेरांचा रस्ता तांब्यापितळेच्या भांड्यांचा. अशा बाजारात माल करणारा आणि माल घेणारा यांच्यामध्ये फार तर एक पायरी असे. मिठाईला वास आला, तर गिऱ्हाईक ती घेऊन त्याच पायरीवर उभे राही. त्या दिवशीचा घाणा बिघडला हे हलवायाला तिथल्या तिथे कळे, आणि गल्लीतल्या गल्लीत चार घरी निरोपही जाई. विकलेला माल परत बोलावण्याची ही रीत जुनी आणि सोपी होती. तिला कायद्याचे कलम लागत नसे, की मालावर क्रमांक घालावा लागत नसे.

आज त्या पायरीची जागा एका लांबलचक साखळीने घेतली आहे. कोटा-बारांकडचे धने, नागौरची मेथी, जोधपूर-बाडमेरकडील जिरे ही एकत्र येतात, दळली जातात, पाकिटांत भरली जातात, आणि घाऊक व्यापारी, वितरक, किरकोळ दुकानदार अशा हातांतून फिरत पुण्याच्या एखाद्या किराणा दुकानात किंवा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एखाद्या भारतीय भांडारात जाऊन बसतात. ज्याने माल केला त्याला खाणाऱ्याचे नाव ठाऊक नाही, आणि जो खातो त्याला करणाऱ्याचा चेहरा माहीत नाही. या दोघांना जोडणारा एकच धागा उरला आहे. तो म्हणजे पाकिटाच्या शिवणीजवळ फिकट शाईने छापलेला बॅच क्रमांक. तयार अन्नात रोगजंतू सापडले असता तो माल बाजारातून आणि घराघरांतून परत कसा बोलावला जातो, आणि ते काम दिसते त्याहून इतके अवघड का आहे, हे समजून घ्यावयाचे तर सुरुवात या आकड्यापासूनच केली पाहिजे.

प्रथम एक भेद स्पष्ट केलेला बरा. अन्नाच्या शुद्धतेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो भेसळ. १९५४ साली संसदेने जो कायदा केला त्याचे नावच अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा असे होते, आणि राजस्थान सरकारने अलीकडे जी मोहीम हाती घेतली तिचेही ब्रीद ‘शुद्ध आहार, मिलावट पर वार’ असे आहे. ही दृष्टी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. भेसळीमागे लबाडी असते. मिरचीत विटेची पूड कोणी तरी हेतुपुरस्सर घालतो, आणि त्याला पकडले की न्याय झाला असे वाटते. रोगजंतूंचे तसे नाही. ते कोणी घालीत नाही, ते येतात. प्रामाणिक मालकाच्या कारखान्यातही ते येऊ शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बहुधा त्यांना वास नसतो, चव नसते. म्हणून जेथे गुन्हेगार शोधून भागत नाही, तेथे माल शोधावा लागतो. भेसळीच्या कायद्याचा रोख माणसावर असतो, तर परत बोलावण्याच्या व्यवस्थेचा रोख वस्तूवर.

मसाल्यासारख्या कोरड्या पदार्थात जंतू राहतातच कसे, असा प्रश्न साहजिकपणे मनात येतो. वाळवलेले टिकते हा आपल्या घराघरांतील अनुभव आहे, आणि पापड, सांडगे, कुरडया यांची सारी कला त्यावरच उभी आहे. तो अनुभव खराही आहे, पण अर्धाच. जंतूंना वाढण्यासाठी ओल लागते. ओल नाहीशी झाली की त्यांची संख्या वाढत नाही. मात्र वाढ थांबणे म्हणजे मरण नव्हे. साल्मोनेला नावाचे जे जंतू माणसाला ताप, जुलाब आणि पोटात कळा आणतात, ते कोरड्या भुकटीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहू शकतात. इतकेच नव्हे, तर कोरड्या अवस्थेत त्यांना उष्णताही कमी बाधते. दूध ७२ अंश सेल्सियसपर्यंत तापवून पंधरा सेकंद धरले असता जे जंतू मरतात, तेच कोरड्या पुडीत तितक्या उष्णतेला दाद देत नाहीत. पुढे ती पूड एखाद्या ओल्या पदार्थावर पडली, आणि तो पदार्थ दोनचार तास उन्हाळ्यात तसाच राहिला, की झोपलेला पाहुणा जागा होतो.

हा पाहुणा मसाल्यात शिरतो कोठून? पीक काढल्यावर ते खळ्यावर, अंगणात, कधी रस्त्याच्या कडेला वाळत घातले जाते. तेथे पक्षी उतरतात, उंदीर आणि पाली फिरतात. पाल हा तर साल्मोनेलाचा जुना वाहक. पुढे कारखान्यात यंत्र ओल्या फडक्याने पुसले आणि नीट वाळू दिले नाही, तर त्याच्या सांध्यांत जंतूंना घर मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २००९ या वर्षांत त्या देशात आलेल्या मसाल्यांच्या खेपा तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ६.६ टक्के खेपांत साल्मोनेला आढळला. आयात होणाऱ्या इतर खाद्यपदार्थांच्या मानाने हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. २०१९ साली एमडीएच या नामांकित भारतीय कंपनीच्या सांबार मसाल्याच्या काही बॅचा तेथील वितरकाने याच कारणासाठी बाजारातून परत घेतल्या.

यावर उपाय आहेत. मसाल्यावरून वाफ नेता येते. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांनीही जंतू मारता येतात, आणि त्यासाठी नवी मुंबईत वाशी येथे अणुऊर्जा खात्याचे केंद्र २००० सालापासून उभे आहे. किरणे पाकिटातून आरपार जातात, माल तापत नाही आणि किरणोत्सर्गीही होत नाही. तिसरा उपाय म्हणजे एथिलीन ऑक्साइड नावाचा वायू. तो जंतूंना निश्चितपणे मारतो, परंतु मालात त्याचा अंश राहतो, आणि हा वायू कर्करोगास कारण होतो हे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले आहे. अमेरिकेत मसाल्यावर त्याचा मर्यादित वापर चालतो. युरोपीय संघात चालत नाही. एका भयातून सुटण्यासाठी योजलेला उपाय दुसऱ्या भयाचे कारण व्हावा, असा हा पेच आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हा पेच जगापुढे आला. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएच आणि एव्हरेस्ट या दोन भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांत एथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर करून विक्री थांबविली. १८ एप्रिलला सिंगापूरने एव्हरेस्टचा एक मासळी मसाला परत घेण्याचा आदेश दिला. माल सुरक्षित असल्याचे दोन्ही कंपन्यांचे म्हणणे होते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभर नमुने घेतले, आणि मे महिन्यात, तोवर हाती आलेल्या अहवालांत या दोन कंपन्यांच्या मालात तो वायू आढळला नाही, असे सांगितले. त्याच सुमारास जयपूरहून राजस्थानच्या आरोग्य खात्याने राज्यभर मसाल्यांची स्वतंत्र तपासणी केली, आणि काही नामांकित कंपन्यांच्या विशिष्ट बॅचा खाण्यास असुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. या वेळी कारण कीटकनाशकांच्या अवशेषांचे होते. जूनमध्ये खात्याने केंद्राला पत्र लिहून कळविले, आणि जेथे हा माल तयार झाला होता त्या हरियाणा व गुजरात या राज्यांनाही पुढील कारवाईसाठी लिहिले.

या प्रसंगात दोष जंतूंचा नव्हता. पण परत बोलावण्याच्या व्यवस्थेचे सारे सांधे त्यात उघडे पडले. दोष जयपूरच्या प्रयोगशाळेत दिसला, कारखाना दुसऱ्या राज्यात, परवाना व देखरेख तिसऱ्या कार्यालयाकडे, आणि पाकिटे सर्व देशभर. एका बॅचविषयी एका ठिकाणी एक निष्कर्ष निघाला, इतर बॅचांविषयी दुसऱ्या ठिकाणी दुसरा. सामान्य माणसाला ही दोन परस्परविरोधी विधाने वाटली. वस्तुतः ती वेगवेगळ्या पाकिटांविषयी आणि वेगवेगळ्या दोषांविषयी असू शकतात. एकाच नावाने विकला जाणारा माल रोज वेगळा तयार होतो. निर्णय नावावर करावयाचा नसतो, बॅचवर करावयाचा असतो. ‘अमुक कंपनीचा माल वाईट’ हे वाक्य जितके सोपे, तितकेच निरुपयोगी आहे. ‘अमुक क्रमांकाच्या बॅचमध्ये अमुक दोष’ हे वाक्य रुक्ष खरे, पण त्यानेच जीव वाचतो.

भारतात या कामाला कायद्याचा पाया २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने दिला. तो ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे अमलात आला, आणि १९५४ चा जुना कायदा त्याच्या उदरात विलीन झाला. या कायद्याचे २८ वे कलम असे सांगते की, आपला माल नियमांत बसत नाही असे मानण्यास सबळ कारण मिळताच उत्पादकाने तो बाजारातून आणि ग्राहकांकडून, कारण सांगून, परत घेण्यास तत्काळ आरंभ करावा आणि अधिकाऱ्यांना कळवावे. यातील ‘मानण्यास कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबण्याची मुभा येथे नाही. शिवाय एका बॅचचा एक नमुना सदोष ठरला, तर उलट सिद्ध होईपर्यंत सबंध बॅच सदोष मानावी, असेही तत्त्व कायद्यात आहे. २०१७ साली परत बोलावण्याचे स्वतंत्र नियम झाले. त्यांनुसार उत्पादक, आयातदार आणि घाऊक पुरवठादार यांनी आपली योजना आधीच लिहून तयार ठेवावयाची असते. केवळ किरकोळ विक्री करणाऱ्या दुकानदाराला अशी योजना लागत नाही, आणि या सवलतीचे परिणाम पुढे दिसतील.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. समजा, एका कारखान्यात एका दिवशी दहा हजार पाकिटे भरली गेली आणि त्यांतील एका पाकिटात साल्मोनेला सापडला. पहिला प्रश्न असा की, बॅच कोठे सुरू झाली आणि कोठे संपली? कागदावर ती एका दिवसाची असेल. पण यंत्र महिन्यातून एकदाच पूर्ण धुतले जात असेल, तर जंतूंच्या लेखी सारा महिना एकच घाणा आहे, आणि माल महिन्याभराचा परत घ्यावा लागेल. जो रोज यंत्र धुऊन वाळवितो आणि तशी नोंद ठेवितो, त्याचे नुकसान एका दिवसाचे होते. स्वच्छता हे नीतीचे तत्त्व आहेच. पण ती हिशेबाच्या दृष्टीनेही स्वस्त पडते. दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. ते धने आणखी कोणत्या मसाल्यांत पडले? तिसरा प्रश्न वाटेचा. माल कोणत्या वितरकाकडे, तेथून कोठे गेला? मग विक्री थांबविणे, जाहीर सूचना देणे, माल गोळा करणे, तो पुन्हा बाजारात येणार नाही अशा रीतीने नष्ट करणे, आणि शेवटी हिशेब जुळविणे. दहा हजारांपैकी सहा हजार परत आली, एक हजार कोठारातच होती. मग उरलेली तीन हजार कोठे आहेत? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर काम पुरे झाले असे म्हणता येत नाही.

माल कारखान्यातून निघण्यापूर्वी तपासला की झाले, असे अनेकांना वाटते. थोडे गणित केले म्हणजे हा भ्रम दूर होतो. नियम असा आहे की मसाल्याच्या २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला मुळीच नसावा. समजा, शंभरांत एक पाकीट दूषित आहे आणि आपण पाच पाकिटे उचलून तपासली. पाचही निर्दोष निघण्याची शक्यता ९५ टक्के आहे. साठ पाकिटे तपासली तरी दोष निसटण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, उरते. सगळीच पाकिटे फोडून तपासली, तर विकावयाचे काय? म्हणून तपासणी हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. ती देखरेखीची एक खिडकी आहे. खरी सुरक्षितता खळ्यावर, गोदामात, यंत्राच्या सांध्यांत निर्माण होते, आणि तेथे चूक राहिली तर परत बोलावणे हाच अखेरचा उपाय उरतो.

या उपायाचा आवाका केवढा असू शकतो, हे भारताने २०१५ साली पाहिले. मॅगी नूडल्समध्ये शिसे अधिक असल्याच्या आरोपावरून प्राधिकरणाने ५ जूनला माल परत घेण्याचा आदेश दिला. नेस्ले कंपनीने हजारो टन माल देशभरातून गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, हे त्याचे आधार होते. न्यायालयाने फेरतपासणीसाठी ज्या तीन प्रयोगशाळा निवडल्या, त्यांत मोहाली आणि हैदराबादबरोबर जयपूरचीही एक होती. तिन्ही ठिकाणी शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. या प्रकरणातून दोन धडे मिळतात आणि ते दोन्ही एकदम ध्यानात ठेवावे लागतात. इच्छा असली तर लक्षावधी दुकानांतून माल परत येऊ शकतो, हा पहिला. आणि ज्या प्रयोगशाळेच्या शब्दावर हे सारे चालते, तिचा शब्द न्यायालयात टिकेल असा असला पाहिजे, हा दुसरा. घाईने अन्याय होतो, आणि विलंबाने आजार पसरतो. शासनाला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

विलंबाची किंमत जगाने अनेकदा मोजली आहे. अमेरिकेत २००८-०९ साली शेंगदाण्याच्या लोण्यातून साल्मोनेला पसरला. ७१४ लोक आजारी पडल्याची नोंद झाली आणि नऊ दगावले. तो माल बिस्किटे, आइस्क्रीम, मिठाया अशा हजारो पदार्थांत गेलेला होता. एका कारखान्याच्या दोषापायी हजारो वस्तू परत घ्याव्या लागल्या. चौकशीत असे दिसले की दूषित ठरलेला मालही कंपनीने पाठविला होता. तिच्या प्रमुखाला २०१५ साली अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली शिजवून विकल्या जाणाऱ्या मांसाच्या एका पदार्थातून लिस्टेरिया पसरला. एक हजारांहून अधिक रुग्ण, दोनशेंहून अधिक मृत्यू, आणि बळींत नवजात बालकांची संख्या मोठी. हा जंतू शीतकपाटातही वाढतो. थंडावा म्हणजे सुरक्षा, या समजुतीला तो अपवाद आहे. २०२२ साली अमेरिकेत एका मोठ्या कारखान्याचे बाळांचे दूधभुकटीचे डबे परत घेण्यात आले. कारखाना बंद पडल्याने अनेक महिने मातांना दुकानोदुकानी भटकावे लागले. परत बोलावणे हेही दुखणेच आहे. ते मोठ्या दुखण्यावरील शस्त्रक्रियेसारखे आहे एवढेच.

जुलै २०२५ मधील एक प्रसंग तर मराठी स्वयंपाकघराच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेत ‘डीप’ या नावाने विकली जाणारी गोठवलेली मोड आलेली मटकी आणि मूग यांत साल्मोनेला आढळला, आणि न्यू जर्सीच्या कंपनीने ती पाकिटे परत घेतली. मटकी देशात सर्वांत अधिक पिकते ती राजस्थानात. तेथे तिला मोठ म्हणतात आणि तिच्या पिठाची बिकानेरी भुजिया होते. महाराष्ट्रात तिचीच उसळ आणि मिसळ. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. रुग्णांची संख्या दहाहून थोडीच अधिक होती, पण ते बहुतेक वेगवेगळ्या राज्यांत, आणि आजारही अनेक महिन्यांत विखुरलेले होते. एका गावच्या डॉक्टरला दुसऱ्या गावच्या रुग्णाची वार्ता नसते. तरीही संबंध सापडला, कारण रुग्णांच्या शरीरातील जंतूंची जनुकीय ओळख एकमेकांशी, आणि शेवटी पाकिटातील जंतूंशी, जुळविता आली.

आपल्याकडची खरी उणीव येथेच आहे. लग्नाच्या पंगतीत किंवा वसतिगृहात शंभर जण एकदम आजारी पडले, तर ती बातमी होते. पाकिटातला जंतू मात्र एक जयपुरात, एक नागपुरात, एक सुरतेत अशा रीतीने माणसांना गाठतो. रुग्ण मीठसाखरेचे पाणी पितो, दुकानातून दोन गोळ्या आणतो, आणि ‘बाहेरचे खाल्ले असेल’ असे म्हणून विसरून जातो. शौचाची तपासणी क्वचितच होते. अन्नविषबाधेचे रुग्ण कळविण्यास डॉक्टरांना भाग पाडण्याचा अधिकार कायद्याच्या ३५ व्या कलमाने दिलेला आहे. परंतु जेथे तपासणीच नाही तेथे कळवावयाचे काय? परदेशांतून भारतीय मालाच्या परत घेण्याच्या बातम्या येतात आणि देशात त्या मानाने कमी ऐकू येतात, याचा अर्थ देशातील माल अधिक निर्दोष आहे असा होत नाही. तेथे शोधणारे डोळे अधिक आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी उणीव कागदाची आहे. औषधाच्या दुकानातील पावतीवर बॅच क्रमांक छापलेला असतो. किराणाच्या पावतीवर नसतो. त्यामुळे वितरकापर्यंत माग लागतो आणि दुकानाच्या दाराशी तो पुसट होतो. किरकोळ दुकानदाराला योजनेतून दिलेली सवलत समजण्यासारखी आहे. छोट्या माणसावर कागदांचा भार टाकू नये हे योग्यच. पण वितरकाने आपल्या बिलावर बॅच क्रमांक छापला, तर दुकानदाराला एक अक्षरही लिहावे लागणार नाही, आणि साखळीची तुटलेली कडी सांधली जाईल. परत घेण्याची सूचनाही इंग्रजीत, एखाद्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात दिली, तर तिने कोणाचे हित होणार? ती त्या त्या प्रांताच्या भाषेत, क्रमांक मोठ्या अक्षरांत देऊन, दुकानाच्या दारावर लागली पाहिजे.

तिसरी उणीव घरातली आहे, आणि ती कोणत्याही कायद्याने भरून येणारी नाही. मसाल्याचे पाकीट घरी आले की गृहिणी ते कापते, मसाला डब्यात ओतते, आणि पाकीट केरात जाते. मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, धनेजिरे आपापल्या वाट्यांत बसली की त्यांचे नाव-गाव संपले. उद्या त्या बॅचविषयी सूचना निघाली, तर ती ऐकणाऱ्या घरालाही आपल्या डब्यात काय आहे ते सांगता येणार नाही. उपाय अगदी लहान आहे. पाकिटाची क्रमांक, तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असलेली पट्टी कापून डब्यातच, झाकणाच्या आत चिकटवून ठेवावी, आणि जुना मसाला संपल्यावर डबा धुऊन, वाळवून मगच नवा भरावा. मसाला तेलात परतला किंवा आमटीत चांगला उकळला तर जंतूंचे भय फारसे राहत नाही. जपावे लागते ते कोशिंबिरीवर, कापलेल्या फळांवर आणि ताकात वरून घातल्या जाणाऱ्या पुडीच्या बाबतीत. तसेच मोड आलेली कडधान्ये लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना शिजवूनच द्यावीत. एखाद्या मालाची शंका आलीच, तर अन्नविश्लेषकाकडून तो फी भरून तपासून घेण्याचा हक्क कायद्याच्या ४० व्या कलमाने ग्राहकालाही दिला आहे.

राहता राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. माल परत बोलावणे म्हणजे नाचक्की, अशी समजूत व्यापाऱ्यांत आहे आणि समाजही ती पोसतो. ज्या कंपनीने आपण होऊन चूक सांगितली तिच्यावर बहिष्कार पडतो, आणि जिने दडविली तिचा माल खपत राहतो. असा न्याय असेल तर उद्या कोणी आपण होऊन बोलणार नाही. दडविण्यास कठोर शिक्षा हवीच, आणि असुरक्षित अन्नाने मृत्यू घडल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची तरतूद कायद्यात आहे. पण जो वेळेवर सांगतो त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलली पाहिजे. आजाऱ्याच्या घरी पोहोचण्याआधी निरोप पोहोचावा यासाठी एवढी सारी यंत्रणा आहे, आणि त्या निरोपाचा पत्ता पाकिटावरच्या त्या फिकट आकड्यात लिहिलेला असतो. तो वाचता येईल इतका ठळक छापणे हे उत्पादकाचे काम, तो जपून ठेवणे हे घराचे.